लाल पट्टीची तारीख

१

कॅलम डनवूडी आमच्या नदीच्या मुखाशी बुडाला आणि त्याला मूर्ख ठरवायला गावाने दोन दिवससुद्धा घेतले नाहीत. बेकरीत, पोस्टात, क्लबात एकच टकळी. आतल्या भागातला पोरगा, समुद्राची सवय नाही, वेबसाइटवर लाल पट्टीत 'या वाटेने जाऊ नका' असं लिहिलेलं असूनही गेला. मीसुद्धा हेच म्हणत होते. ती लाल पट्टी मीच लावलेली, म्हणून जरा जास्तच ठसक्यात म्हणत होते.

मी बर्निस कोव्हेल. बिंडारा हेड्समध्ये सगळे बर्नी म्हणतात. तीस वर्षं इथल्या लायब्ररीत घासली आणि निवृत्त झाल्यापासून 'रॅम्पला विचारा' या वेबसाइटवर डोकं खपवते. होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर लोक एकमेकांना जे विचारतात तेच तिथे विचारतात: मासा कुठे लागतोय, इंजिन का खोकतंय. ज्याला ठाऊक असेल तो उत्तर देतो. उत्तर उपयोगी पडलं की लोक आभाराचं बटण दाबतात. देखरेखीला आम्ही चौघं. त्यात तोच तोच प्रश्न विचारणाऱ्यांना जुन्या उत्तराकडे पिटाळायचं काम माझं. रोज सकाळी चहाबरोबर दहा-बारा प्रश्न बंद करते आणि साइट स्वच्छ राहते याचा मला अभिमान होता.

आमच्या साइटवरचं सगळ्यात गाजलेलं उत्तर कॉल हॅदरसेजचं. नदीच्या मुखावर वाळूचा दांडा आहे, तो होडीने कसा ओलांडायचा ते त्याने २०१६ साली सांगितलं होतं. टेकडीवरची पांढरी टाकी आणि सर्फ क्लबच्या झेंड्याचा खांब एका रांगेत आणा, ती रांग पाठीशी धरून सरळ बाहेर पडा. चारशे बारा लोकांनी आभार मानले होते. मग २०२२चा पूर आला, वाळू हलली आणि खोल पाण्याची वाट दोनशे मीटर उत्तरेला सरकली. तेव्हापासून ती रांग धरली तर होडी थेट फुटणाऱ्या लाटांत जाते. त्याच वर्षी मार्चमध्ये मी उत्तराच्या डोक्यावर लाल पट्टी लावली, की हे आता जुनं झालं, याच्या भरवशावर जाऊ नका.

ईस्टरच्या शनिवारी कॅलम गेला. त्यानंतर अकराव्या दिवशी, बुधवारी, त्याची आई माझ्या दारात उभी राहिली. मार्गो डनवूडी. यारलॉन्गहून सात तास एकटी गाडी चालवत आलेली, पंप दुरुस्तीच्या दुकानाचा शर्ट अंगात तसाच. पोलिसांचा अहवाल शुक्रवारी कोरोनरकडे, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाणार होता आणि त्यात एक वाक्य होतं: मृताने स्पष्ट इशारा वाचूनही दुर्लक्ष केलं. ते वाक्य तिने मला पाठ म्हणून दाखवलं.

"माझा मुलगा बोअरच्या पंपात हात घालायच्या आधी तीनदा स्विच बघायचा," ती म्हणाली. "इशारा वाचून तो गेला असं मला कोणी सांगू नका. इशारा नव्हताच तिथे."

तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद टेबलावर ठेवला. कॅलमच्या गाडीत, गळांच्या पेटीत सापडलेला. आमच्याच साइटचं पान, छापलेलं. कॉलचं उत्तर, चारशे बारा आभार. समासात पेन्सिलने काहीबाही खरडलेलं, सगळ्यात खाली बारीक अक्षरांत एक ओळ, छापील पानांवर आकडे असतात तशी. आणि उत्तराच्या डोक्यावर, जिथे माझी पट्टी हवी तिथे, एक करड्या रंगाची बरोबरची खूण आणि शब्द: 'तपासलं, यंदा फेब्रुवारी'.

मी तिच्यासमोरच साइट उघडली. लाल पट्टी जागच्या जागी होती. खाली तारीख, १४ मार्च २०२२, आणि माझं नाव. एकच पान दोन तोंडांनी बोलत होतं, आणि त्यातलं एक खोटं होतं.

२

ती बरोबरची खूण पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा जन्म मला ठाऊक होता.

फेब्रुवारीच्या बैठकीत ट्रेव्हर मॅक्लिशने ते काढलं होतं. ट्रेव्हर म्हणजे आमच्या सागरी मदत पथकाचा अध्यक्ष, चौघांतला एक, छातीवर सेवेचं पदक. म्हणाला, साइट जुन्या सामानाची अडगळ झालीय, जिकडे बघावं तिकडे लाल पट्ट्या, अशाने उत्तम लोकोपयोगी साइटचं बक्षीस आपल्याला मिळायचं नाही. मग नियम ठरला. जुनं उत्तर कोणी तपासलं आणि ते अजून बरोबर निघालं, तर त्याने हिरवी बरोबरची खूण करायची, साध्या छपाईत ती करडी येते. हिरवी आली की लाल आपोआप जाते. मी आरडाओरडा केला. शेवटी ठरलं, जिवाशी गाठ असलेल्या पानांना हात लावायचा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

खूण करण्याचा अधिकार आम्हा चौघांनाच. कोणी केली ते नाव पडद्यावर दिसतं, कागदावर छापलं जात नाही. साइट बांधणारा माणूस पर्थला निघून गेला आणि पानाची जुनी रूपं जपून ठेवायची सोय त्याने केलीच नव्हती. म्हणजे आपल्यातल्या कोणीतरी आधी पट्टी उडवली आणि पोरगा बुडाल्यावर गुपचूप परत लावली.

मी कॉन्स्टेबल प्रायरकडे गेले. मुलगी सज्जन आहे, पण तिच्या टेबलावर त्या आठवड्यात चार अपघात होते. तिने कागद पाहिला आणि छापताना लाल पट्टी गळली असेल म्हणाली. मी तिच्याच यंत्रावर ते पान छापून दाखवलं. पट्टी काळी आली, पण आली. तेव्हा ती खुर्चीत सरळ झाली आणि म्हणाली, शुक्रवारी दुपारपर्यंत काहीतरी ठोस आणा, नुसत्या कागदावर मला वाक्य काढता येणार नाही.

तिथून मी कॉलकडे गेले, चौघांतला तोही एक. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, पडवीत खेकड्याचा पिंजरा विणत बसला होता. त्याच्या गाडीच्या दारावर कोणीतरी खिळ्याने 'खुनी' असं कोरलेलं. मी ते पाहिलं आणि त्याने मला पाहताना पाहिलं.

"आता आलीस," तो म्हणाला. "पूर आला तेव्हा मी तुझ्या दारात येऊन सांगितलं होतं, बर्नी, ते उत्तर काढून टाक. तू काय म्हणालीस? आम्ही काढत नाही, नोंद करतो."

म्हणाले होते. लायब्ररीवालीच्या नाकाने म्हणाले होते, की जुनं पुस्तक कोणी फाडत नाही. चारशे बारा माणसांचे आभार असे पुसता येतात का, वगैरे. 

मी त्याला कामाचं विचारलं. त्याने घरात बोट दाखवलं. त्याची बायको डोरीन गेल्यापासून कम्प्युटरवर तिने भरतकाम केलेलं कापड तसंच होतं, वर धुळीचा थर. मोबाइल त्याने कधी घेतलाच नाही. त्या शनिवारी तो सकाळी सातपासून साडेदहापर्यंत आपल्या होडीतून कॅलमला शोधत होता, मोडक्या खुब्यानिशी. तो किनाऱ्याला आला तेव्हा त्याला दोघांनी उचलून उतरवलं, ते मी पाहिलंय.

मग तो म्हणाला, गाव ज्या पट्टीचा एवढा डांगोरा पिटतंय ती मी अजून वाचलेली नाही, वाच बघू. मी छापलेला कागद काढून वाचला: "पुराने वाट उत्तरेला सरकली आहे. पेलिकनची टाकी आणि झेंड्याचा खांब ही रांग धरून जाऊ नका. जिवाला धोका आहे."

त्याचे हात थांबले.

"हे तू बावीस साली लिहिलंस?"

"तारीख तीच आहे."

"आणि त्या टाकीवर पेलिकन कधी रंगवले गं, शाळेच्या पोरांनी?"

२०२३च्या नोव्हेंबरात. रंगांचे डबे वाहून न्यायला मी स्वतः गेले होते. बावीस साली ती टाकी पांढरीफटक होती आणि माझ्या पट्टीत 'पांढरी टाकी' असंच होतं. पट्टीवरचं नाव आणि तारीख हातानेच टाइप करायची असते; माझ्या नावाने, माझ्या तारखेने कोणीतरी दुसरंच लिहून ठेवलं होतं.

३

उरले दोघं. ट्रेव्हर आणि ग्लेनिस पारडो.

ग्लेनिसचं कॅरव्हान पार्क आहे आणि दहा होड्या भाड्याने देते. लाल पट्टीवर तिचा दात होता. पट्टी वाचून लोक बिचकतात, सुट्ट्या ओस जातात, असं तिने मला दोनदा सुनावलेलं. आणि कॅलम तिच्याकडेच उतरला होता. सगळं तिच्याकडे बोट दाखवत होतं आणि खरं सांगते, तीच निघावी असं मला वाटत होतं. तिचं-माझं मुळीच पटत नाही.

तिने दारातच सांगून टाकलं की तो कागद तिनेच छापून दिला. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता पोरगा कार्यालयात आला, मोबाइल भिजला तर पंचाईत नको म्हणून कागदावर हवं म्हणाला. त्याने मोबाइलवरून पानाची लिंक पाठवली, तिने छापलं, टाचून दिलं, वाचलं नाही.

"पट्टी मी काढली असती ना, तर तुझ्या तोंडावर सांगून काढली असती," ती म्हणाली. "मला काय तुझी भीती पडलीय? आणि परत कशाला लावली असती? त्या शनिवारी मी काय करत होते ते तुलाच ठाऊक."

ठाऊक होतं. साडेसातपासून ती आणि मी किनाऱ्यावर खांद्याला खांदा लावून उभ्या होतो. ती चहा ओतत होती, मी घोंगड्या वाटत होते. साडेदहाला कॅलम सापडला तोपर्यंत आम्ही दोघी तिथून हललो नाही. तिच्या हातात किटलीशिवाय काही नव्हतं. पण पट्टी परत कधी लागली तेच माहीत नसेल तर या गोष्टीचा उपयोग काय, असं मी म्हणाले.

 "अगं, रविवारची यादी असते ना," ग्लेनिस म्हणाली.

मी कपाळावर हात मारला. आठवड्यात साइटवरची जी पानं बदलली त्यांची यादी दर रविवारी सगळ्यांना मेलने जाते. आमच्यासारखे ती वाचायच्या आधीच पुसतात. पण वळणावरचा गळ-आमिषाचा दुकानदार ती छापून फलकावर टाचतो आणि आधीची कधी काढत नाही, त्यावरच नवी लावतो. आम्ही दोघी गेलो. वरची भरतीची वेळापत्रकं, विकाऊ इंजिनाच्या जाहिराती उचकटल्या. खाली ईस्टरच्या रविवारची यादी होती. 'बिंडाराचा दांडा कसा ओलांडावा. बदल: शनिवार, सकाळी ९.१२.'

मी तिथेच आमिषाच्या फ्रीजला टेकून विचार केला. होडी उलटली सातला दहा कमी असताना. नऊ वाजून बारा मिनिटांनी कॅलम अजून सापडायचा होता. एक होडी उलटलीय एवढंच किनाऱ्यावर कळलेलं. कोणाची, कुठला, कुठली रांग धरून गेला, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. मग ते पान घाईने बदलायची बुद्धी कोणाला झाली? ज्याला तेव्हाच कळलं होतं की तो त्याच पानावर भिस्त ठेवून गेला. कॉल पाण्यात, मोबाइलशिवाय. ग्लेनिस माझ्या कोपराशी.

मार्गो त्या रात्रीपुरती माझ्याकडेच उतरली होती. घरी जाऊन मी तिच्याकडे कागद मागितला आणि समासातली पेन्सिल खिडकीपाशी नेऊन नीट वाचली. पोराने रेडिओवर काय बोलायचं ते लिहून काढलं होतं, पहिल्यांदाच जाणाऱ्याने चुकू नये म्हणून. "बिंडारा बेस, एक माणूस, पत्र्याची होडी, दांडा ओलांडतोय, टाकी-खांबाची रांग धरून, दुपारी परत." शब्दांखाली त्याने रेघा मारल्या होत्या.

दांडा ओलांडायच्या आधी प्रत्येक होडी मदत पथकाच्या रेडिओला हाक मारते. त्या शनिवारी रेडिओवर कोण बसलं होतं, हे विचारायला मला कुठे जावं लागलं नाही. पाळ्यांचा तक्ता माझ्याच फ्रीजवर होता.

४

गुरुवारी सकाळी मी, मार्गो आणि कॉन्स्टेबल प्रायर पथकाच्या खोलीत गेलो. ट्रेव्हरने खुर्च्या ओढल्या, बिस्किटांचा डबा काढला, मार्गोचं सांत्वन केलं. चांगला मुलगा होता म्हणाला, इशारे पाळले असते तर. तेवढं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं.

मी रेडिओची वही मागितली. शनिवार, ६.४४: एक माणूस, पत्र्याची होडी, दांडा ओलांडतोय, दुपारी परत. पुढे काही नाही.

"रांग कुठाय?" मी विचारलं.

"सांगितली नाही त्याने."

मी कागद त्याच्यापुढे सरकवला, पेन्सिलच्या ओळीवर बोट ठेवलं. तुझ्या वहीतले सगळे शब्द याच क्रमाने इथे आहेत, म्हटलं, फक्त मधले तीन तुझ्याकडे नाहीत. पोराने लिहून आणलेलं वाचलं आणि नेमके तेवढेच गाळले होय? मग पेलिकन सांगितले. मग रविवारची यादी ठेवली. नऊ-बाराला या खोलीत कम्प्युटरपाशी तू एकटा होतास, म्हटलं, आणि तो कुठल्या रांगेने गेला हे अख्ख्या गावात तुला एकट्याला ठाऊक होतं.

तो बराच वेळ बिस्किटांच्या डब्याचं झाकण लावत बसला. मग सांगितलं. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी त्याने बसल्या बैठकीला एकशे नव्वद पानांवर खुणा केल्या होत्या. वाचून नव्हे, यादी धरून. दांड्याचं पान मधेच कुठेतरी आलं. स्वतः दांडा त्याने तीन वर्षांत ओलांडलेला नाही, गुडघ्यामुळे.

"आणि रेडिओवर?" प्रायरने विचारलं. "रांग सांगितली त्याने?"

"सांगितली. मी म्हटलं, मिळालं, सफर चांगली होवो. सुट्टीच्या सकाळी वीस-वीस होड्यांना म्हणतो मी तसं. लिहिताना हात थांबला तेव्हा कळलं. मग हाका मारल्या. सहा वेळा मारल्या."

 मार्गोने विचारलं ते मला अजून ऐकू येतं.

"त्याने न अडखळता म्हटलं का सगळं?"

"न अडखळता," ट्रेव्हर म्हणाला आणि त्याने तोंड फिरवलं.

मला दया आली असं कोणाला वाटत असेल तर नाही आली. मी त्याला म्हटलं, हात चुकला, कान चुकला, ते एकवेळ मी समजेन. पण लोक पाण्यात त्या पोराला शोधत असताना तू इथे बसून माझं नाव आणि माझी तारीख वापरलीस. वहीतले शब्द गाळलेस. तो सापडायच्या आधीच तू त्याच्या माथी खापर फोडून मोकळा झालास आणि अकरा दिवस बेकरीत पाव घेताना मान हलवत राहिलास. कॉलच्या गाडीवर 'खुनी' कोरलं ते पाहिलंस आणि गप्प बसलास. त्याची माफी मागायलासुद्धा तुझ्याकडे तोंड नाही.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो कागद उचलून त्याने माझ्यासमोर धरला.

"मी गुन्हेगार आहे, कबूल," तो म्हणाला. "पण तू एवढी तपासणीस झालीस, बर्नी, आणि कागदाची शेवटची ओळ वाचली नाहीस?"

बारीक अक्षरं. मी चष्मा काढून डोळ्यांजवळ नेली. 'बंद प्रश्न क्र. ६१०७ वरून इथे पाठवलं.'

"प्रश्न बंद करायचं काम आपल्यात कोणाचं?" ट्रेव्हरने विचारलं.

५

बंद केलेले प्रश्न साइटवर कोणाला दिसत नाहीत, आम्हा चौघांना दिसतात. घरी येऊन मी तो ढीग उघडला. मार्गो स्वयंपाकघरात आपली पिशवी भरत होती.

प्रश्न क्र. ६१०७. विचारणाऱ्याचं नाव 'बोअरपंप'. गुरुवार, सकाळी ७.५१, म्हणजे तो गेला त्याच्या दोन दिवस आधी.

"दांडा ओलांडायचं उत्तर वाचलं. ते २०१६चं आहे, पण वर 'तपासलं' म्हटलंय. मी काल टेकडीखाली उभा राहून पाहिलं, टाकी पांढरी नाही, पेलिकन रंगवलेत. हीच टाकी का? वाट अजून तीच आहे का? अलीकडे कोणी गेलं असेल तर सांगावं. मी कधी समुद्रात गेलेलो नाही. घाई नाही, शुक्रवार संध्याकाळपर्यंत सांगितलं तरी चालेल."

खाली: 'याचं उत्तर आधीच दिलेलं आहे. प्रश्न बंद. बर्नी सी., ७.५५.'

चार मिनिटं. त्यातही चहा ओतायला तीन गेली असतील. वर 'दांडा' शब्द दिसला, बटण दाबलं, त्याला कॉलच्या उत्तराकडे पिटाळलं. माझी पट्टी तिथे आहेच, अशा गुर्मीत. त्याची एक ओळ जरी वाचली असती, 'तपासलं म्हटलंय' एवढे दोन शब्द, तर मी चहा टाकून धावत ट्रेव्हरच्या घरी गेले असते. पोराने पेलिकनसुद्धा पाहिले होते. जे शोधल्याबद्दल मी दोन दिवस छाती फुगवून फिरत होते, ते त्याने आधीच शोधून मला विचारलं होतं.

लपवता आलं असतं. ढीग आम्हीच बघतो. एका बटणाने गेलं असतं आणि ट्रेव्हरचं कोण ऐकणार होतं. मी पडदा फिरवला आणि मार्गोला हाक मारली.

तिने सावकाश वाचलं, दोनदा. लहान मुलाने बोट ठेवून वाचावं तसं बोट ठेवून.

"'घाई नाही,'" ती म्हणाली. "तो असाच. कोणाला त्रास नको."

मी तिला सांगितलं की बंद करणारी मी.

"तुम्ही वाचलं नाही?"

"नाही."

"एक ओळसुद्धा?"

"नाही."

  पिशवीची चेन लावून तिने एवढंच सांगितलं, हेही अहवालात घाला. मी समोर ठेवलेला चहा तसाच राहिला.

शुक्रवारी दुपारच्या आत मी प्रायरकडे दोन कागद दिले, एक ट्रेव्हरचा, एक माझा. इशारा वाचून दुर्लक्ष केल्याचं वाक्य तिने माझ्यादेखत खोडलं. त्या जागी लिहिलं की मृताने वाट बरोबर आहे का असं विचारलं होतं आणि त्याला उत्तर मिळालं नाही. ट्रेव्हरने पद सोडलं, त्याचं पुढे काय होणार ते कोरोनर ठरवेल. माझंही. बेकरीतली टकळी आता आमच्या नावाने चालते आणि चालू दे, आम्ही ती कमावलीय.

त्याच संध्याकाळी मी कॉलचं उत्तर काढून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी पुसलं. चारशे बारा आभार गेले आणि मला काडीचं वाईट वाटलं नाही. मग ६१०७ उघडून सगळ्यांना दिसेल असा वर ठेवला.

सोमवारी कॉल काठी टेकत आला. मला कम्प्युटरपुढे बसव म्हणाला, आणि मधे बोलू नकोस. एका बोटाने त्याला वीस मिनिटं लागली.

"नाही बाळा. टाकी तीच, पण वाट ती राहिली नाही. एकटा जाऊ नकोस. धक्क्यावर निळ्या दाराचं घर माझं. सकाळी ये, मी घेऊन जातो. कॉल हॅदरसेज."

उत्तराखाली साइट आपोआप तारीख टाकते. ती अठरा दिवस उशिराची आहे. ती मी कोणाला बदलू देणार नाही.